श्रद्धा, सहजीवन आणि समाधान : टिळक दांपत्याच्या संदर्भात

१

धर्मश्रद्धा आणि वैवाहिक समाधान यांचा परस्परसंबंध हा विषय विसाव्या शतकात समाजशास्त्र व मानसशास्त्र या दोन्ही शास्त्रांनी वारंवार हाताळला. त्यातही ख्रिस्ती दांपत्यांचा अभ्यास अधिक झाला. या अभ्यासाचा उगम आणि विस्तार मुख्यतः अमेरिकेत झाला व तेथील बहुसंख्य कुटुंबे ख्रिस्ती होती, हे त्याचे साधे कारण होय. लुइस टर्मन यांचा वैवाहिक सुखाविषयीचा ग्रंथ १९३८ मध्ये, तर बर्जेस आणि कॉट्रेल यांचा विवाहाच्या यशापयशाचे भाकीत करू पाहणारा ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे लॉक आणि वॉलेस यांनी १९५९ मध्ये एक आटोपशीर चाचणी तयार केली आणि १९७६ मध्ये ग्रॅहॅम स्पॅनियर यांनी बत्तीस प्रश्नांची मापनश्रेणी सिद्ध केली. श्रद्धेच्या मापनाचे काम याच सुमारास स्वतंत्रपणे चालले होते. गॉर्डन ऑलपोर्ट व मायकेल रॉस यांनी १९६७ मध्ये श्रद्धेचे दोन प्रकार वेगळे केले : ज्याच्यासाठी धर्म हेच साध्य आहे त्याची श्रद्धा एक, आणि प्रतिष्ठा, आधार किंवा समाजातील स्थान यांचे साधन म्हणून जो धर्म पाळतो त्याची श्रद्धा निराळी.

या सर्व अभ्यासांतून हाती येणारा निष्कर्ष थोडक्यात असा सांगता येईल की, एकाच धर्मपंथाची आणि उपासनेत सारख्याच आस्थेने भाग घेणारी दांपत्ये इतरांपेक्षा काहीशी अधिक समाधानी आढळतात. मात्र हा संबंध फार बलवान नसतो. समान श्रद्धेमुळे समाधान येते, की समाधानी दांपत्ये जोडीने चर्चला जातात, हा प्रश्नही पुष्कळदा अनिर्णित राहतो.

स्पॅनियर यांच्या श्रेणीत एकमत, समाधान, एकत्रपणा आणि स्नेहाचा आविष्कार असे चार घटक कल्पिलेले आहेत. पती-पत्नींचे कोणकोणत्या बाबतींत जुळते, हे विचारताना घरातील पैशाचा व्यवहार ही एक बाब आणि धार्मिक गोष्टी ही दुसरी बाब अशी स्वतंत्र नोंद तेथे केली जाते. मापनाच्या सोयीसाठी हे योग्यच आहे. परंतु ज्या घरात पैसा आणि धर्म या दोन बाबी नसून एकच बाब असते, त्या घराची नोंद या यादीत कोठे करावयाची? मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रश्न सहज सुचण्यासारखा आहे, कारण एका ख्रिस्ती दांपत्याच्या सहजीवनाचे मराठीतील सर्वांत सविस्तर आणि सर्वांत निर्भीड चित्रण ज्या ग्रंथात आहे, त्या ग्रंथातले घर नेमके असेच होते. तो ग्रंथ म्हणजे लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’. प्रस्तुत लेखात त्या ग्रंथाच्या वाङ्मयीन गुणांची चर्चा अभिप्रेत नाही, ती यापूर्वी पुष्कळ झालेली आहे. समान श्रद्धेने संसार सुखाचा होतो, हे विधान त्या संसारावरून तपासून पाहावे, एवढाच येथील हेतू आहे.

२

प्रथम ‘समाधान’ या शब्दाविषयी. इंग्रजी संशोधनात जी संज्ञा रूढ आहे, तिचा भाव अपेक्षांची पूर्ती असा आहे : जे मिळावेसे वाटले ते कितपत मिळाले याची गोळाबेरीज. मराठीत आपण तिच्यासाठी ‘समाधान’ हा शब्द सरसकट वापरतो, पण या शब्दामागे संतवाङ्मयाची परंपरा उभी आहे. रामदासांच्या ‘दासबोधा’त समाधान ही साधकाच्या चित्ताची अवस्था आहे, अपेक्षा पुऱ्या होण्यापेक्षा अपेक्षांचा पाठलाग थांबण्याशी तिचा संबंध अधिक. मराठी भाषक स्त्री ‘मी समाधानी आहे’ असे म्हणते, तेव्हा ती यांपैकी कोणत्या अर्थाने बोलते हे प्रश्नावलीवरून कळणे कठीण आहे. लक्ष्मीबाईंसारखी स्त्री, जी वयाच्या तिशीपर्यंत या परंपरेत वाढली आणि नंतर ख्रिस्ती झाली, तिच्या बाबतीत तर दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले असणार हे उघड आहे.

विवाहाविषयीची ख्रिस्ती शिकवणही एकजिनसी नाही. रोमन कॅथलिक पंथात विवाह हा सात संस्कारांपैकी एक मानला जातो व तो अभंग असतो. प्रॉटेस्टंट पंथांनी त्याला संस्काराचे स्थान दिले नाही, देवासमोर केलेला करार म्हणून त्याचे पावित्र्य मानले. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पतीपत्नींच्या नात्याला ख्रिस्त आणि मंडळी यांच्या नात्याची उपमा आहे व ती दोन्ही पंथांना शिरोधार्य आहे. परंतु धर्मांतरित दांपत्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा असा भाग करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात आढळतो. विश्वास न ठेवणारी पत्नी जर पतीजवळ नांदावयास राजी असेल, तर विश्वास ठेवणाऱ्या पतीने तिला सोडू नये, असा पौलाचा तेथे उपदेश आहे. मात्र अविश्वासी जोडीदार स्वतः होऊन वेगळा झाला, तर विश्वासी जोडीदार बांधलेला राहत नाही, असेही पौल त्याच ठिकाणी सांगतो. एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानात या दुसऱ्या वाक्याला कायद्याचे बळ मिळाले. १८६६ च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरित ख्रिस्ती व्यक्तीला अशी मुभा दिली की, धर्मांतराच्या कारणावरून जोडीदाराने सतत सहा महिने तिला सोडले किंवा नाकारले, तर तिने न्यायालयाकडे जावे. न्यायालयाने जोडीदाराची जबानी घ्यावी, एक वर्षाची मुदत द्यावी, आणि तरीही नकार कायम राहिला तर विवाह रद्द करावा. पुनर्विवाहाचा मार्ग त्यामुळे मोकळा होत असे.

येथे एक मर्यादा सांगून ठेवणे अवश्य आहे. मराठी ख्रिस्ती समाज म्हणजे केवळ धर्मांतरितांची पहिली पिढी नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या १० लाख ८० हजारांच्या घरात होती आणि तिचा एक मोठा घटक वसई परिसरातील कॅथलिकांचा आहे, ज्यांच्या घराण्यांत ही श्रद्धा पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेली आहे. तेथील नवरा आणि नवरी एकाच वेदीसमोर, एकाच गावच्या चर्चमध्ये वाढलेली असतात. त्यांच्या समाधानाचा विचार निराळ्या पद्धतीने करावा लागेल. टिळकांच्या घरात जे घडले ते त्यांच्यावर लादता येणार नाही.

३

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. लक्ष्मीबाईंचा १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. विवाहसमयी वधूचे वय अकराच्या आसपास होते. माहेरी वडिलांच्या सोवळ्याओवळ्याचा अतिरेक असा की, घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यावी लागे. सासरी पती कवी, वक्ता, विद्वान. परंतु एका जागी स्थिर न होणारा. न सांगता निघून जाणे, आणि महिनोन्महिने पत्नीला नातेवाइकांच्या आश्रयाला राहावे लागणे, हा या संसाराचा धर्मांतरापूर्वीचाच शिरस्ता होता. ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे, कारण पुढील सर्व दुःखाचे खापर धर्मांतरावर फोडण्याचा मोह वाचकाला होऊ शकतो.

१८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने टिळकांना ‘नवा करार’ दिला आणि ते दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मुलगा दत्तू त्या वेळी अगदी लहान होता. यानंतरची सुमारे पाच वर्षे हा या दांपत्याच्या जीवनातील सर्वांत कठीण काळ होय.

लक्ष्मीबाईंची सामाजिक स्थिती या काळात कोणती होती? पती हयात होता, म्हणून ती विधवा नव्हती. परंतु जातीच्या दृष्टीने पती मेल्यासारखाच होता, म्हणून तिचे सौभाग्य कोणाच्या हिशेबी धरले जाईल याची शाश्वती नव्हती. नवऱ्याने टाकलेली स्त्री समाजाला ओळखीची होती, पण नवरा बोलावीत असताना धर्मामुळे जाऊ न शकणारी स्त्री कोणत्याच ओळखीच्या चौकटीत बसत नव्हती. पंढरपुरासारख्या क्षेत्राच्या ठिकाणी नातलगांच्या आधाराने राहत असता या दुःखातूनच लक्ष्मीबाई पद्यरचनेकडे वळल्या. पुढे ज्या लेखनाने त्यांचे नाव झाले, त्याचा आरंभ या विरहात आहे.

टिळकांना या काळात १८६६ चा कायदा उपलब्ध होता. वय चौतीस, ख्रिस्ती समाजात प्रतिष्ठा वाढती, आणि पत्नी वेगळी राहिलेली. त्यांनी त्या कायद्याचा आधार घेतला नाही, दुसरा विवाह केला नाही, आणि पत्नीला ख्रिस्ती करून घेण्यासाठी सक्तीही केली नाही. पौलाच्या उपदेशातील दुसऱ्या वाक्यापेक्षा पहिले वाक्य त्यांनी आपल्यासाठी निवडले असे म्हणता येईल. अर्थात यात केवळ शास्त्रनिष्ठा होती असे मानण्याचे कारण नाही. टिळकांचे पत्नीवर उत्कट प्रेम होते आणि त्या प्रेमाला त्यांच्या लहरी स्वभावाची जोड होती. पत्नीला जवळ आणण्यासाठी ते धडपडले, रागावले, कष्टी झाले. मात्र नकार देण्याचा तिचा हक्क त्यांनी हिरावून घेतला नाही.

अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांनी आपले सोवळे, आपले पाणी, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. एकाच दांपत्याच्या दोन चुली, आणि त्यातील एक चूल दुसरीच्या स्पर्शाने बाटणारी! प्रश्नावलीच्या भाषेत बोलावयाचे तर धार्मिक बाबतींत येथे एकमत शून्य होते. तरीही ‘स्मृतिचित्रां’तील हा भाग वाचताना जाणवते ते असे की, विवाहाला पुन्हा रूप येऊ लागले ते याच काळात. पत्नी पतीशी भांडू लागली, त्याची थट्टा करू लागली, त्याच्या पाहुण्यांवर रागावू लागली. जेथे भांडण शक्य होते तेथे सहवास असतो, एवढा सामान्य अनुभव येथेही लागू पडतो.

लक्ष्मीबाईंच्या मनातील परिवर्तनाचा क्रमही लक्षणीय आहे. प्रथम जातिभेदावरचा विश्वास गेला. जात ही ईश्वराने केली की मनुष्याने, या एका प्रश्नाचा विचार करता करता त्यांनी एके दिवशी मनाशी निर्णय घेतला आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास आरंभ केला. ख्रिस्तावरची श्रद्धा त्यानंतर आली. म्हणजे पतीच्या धर्माकडे त्या पतीच्या वाटेने गेल्या नाहीत. टिळकांना ‘गिरिप्रवचना’ने जिंकले होते. लक्ष्मीबाईंच्या मनाचे दार उघडले ते सोवळ्याच्या प्रश्नाने, जो त्यांच्या माहेरच्या अंगणातला प्रश्न होता. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ऑलपोर्ट-रॉस यांच्या परिभाषेत विचारावयाचे तर, ही श्रद्धा साध्यरूप की साधनरूप? पतीचा सहवास मिळावा म्हणून धर्म स्वीकारला असता, तर तिला साधनरूप म्हणणे प्राप्त झाले असते. परंतु सहवास तर आधीच मिळाला होता, तोही धर्म न बदलता. टिळकांनी सक्ती न केल्यामुळेच लक्ष्मीबाईंची श्रद्धा त्यांची स्वतःची होऊ शकली.

४

हे किती अपवादात्मक होते हे कळण्यासाठी दोन अन्य ग्रंथांचा उल्लेख उपयुक्त ठरेल. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत यमुना आणि विनायक हे जोडपे आहे. दोघांचाही ओढा ख्रिस्ती धर्माकडे आहे, दोघांचे विचार जुळतात, प्रवासात दोघे मिळून विधवांची दुःस्थिती पाहतात. या दांपत्यात वितुष्ट नाही, रुसवा नाही, चुलीचा प्रश्नच नाही. समान श्रद्धेतून सुखी विवाह हे मराठीतील पहिले आदर्श चित्र म्हणता येईल. परंतु ते चित्रच आहे. ग्रंथाचा रोख विधवांच्या प्रश्नावर असल्यामुळे लेखकाला विनायकाचा मृत्यू घडवून आणावा लागला, आणि त्या संसाराची पुढील परीक्षा टळली.

दुसरा ग्रंथ इंग्रजीत आहे, पण त्याची मुळे अहमदनगरात आहेत. कृपाबाई सत्यनाथन (१८६२-१८९४) या हरिपंत खिस्ती आणि राधाबाई या धर्मांतरित मराठी ब्राह्मण दांपत्याची कन्या. त्यांचा विवाह मद्रासच्या सॅम्युअल सत्यनाथन यांच्याशी झाला. ‘सगुणा’ ही त्यांची आत्मचरित्रात्मक कादंबरी मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात १८८७-८८ मध्ये क्रमशः आणि १८९५ मध्ये पुस्तकरूपाने आली. योगायोगाने टिळकांच्या बाप्तिस्म्याचेही हेच वर्ष. तिच्या पूर्वार्धात नायिकेच्या आईची कथा आहे. पती ख्रिस्ती झाला, आणि राधा मनाविरुद्ध त्याच्यामागे त्या अनोळखी वस्तीत आली. भीती आणि घृणा यांतून ती हळूहळू श्रद्धेकडे वळली. येथेही पतीचा धीर आणि सौम्यपणा वाखाणलेला आहे. पण राधेचा हा प्रवास पतिव्रता स्त्रीचा प्रवास आहे. पतीच्या मागे जाणे हा तिचा जुनाच धर्म होता आणि नवा धर्म त्या जुन्या धर्माच्या वाटेनेच तिच्यापर्यंत पोचला. शिवाय ही कथा मुलीने सांगितलेली आहे. आईला स्वतःला काय वाटले ते मुलीच्या आदराच्या पडद्याआडून जेवढे दिसेल तेवढेच दिसते.

‘स्मृतिचित्रे’ या दोहोंपासून वेगळी पडतात, याचे कारण निवेदन पत्नीचे आहे आणि तिने पतीला देव्हाऱ्यात बसविलेले नाही. ज्या पिढीतील स्त्रिया पतीचे नाव उच्चारीत नसत, त्या पिढीतील ही लेखिका पतीचा उल्लेख सरळ ‘टिळक’ असा करते. या एका शब्दाने वाचकाला तिच्या नात्याचे अंतर आणि जवळीक दोन्ही कळून येतात. अर्थात हा पुरावा एकतर्फी आहे, हेही नजरेआड करता येत नाही. ग्रंथाचे प्रकाशन १९३४ पासून चार भागांत झाले. त्या वेळी टिळकांना जाऊन पंधरा वर्षे लोटली होती आणि लेखिका पासष्टी ओलांडलेली होती. स्मृतीने काही कडवटपणा निवळला असणार, विनोदाने काही झाकला असणार. टिळकांनी आपली बाजू अशा रीतीने लिहून ठेवली नाही. दांपत्यापैकी एकाचीच उत्तरपत्रिका हाती असावी, अशी ही स्थिती आहे.

५

१९०० नंतर दोघांची श्रद्धा एक झाली. मापनश्रेणीच्या अपेक्षेप्रमाणे आता समाधानाचा आलेख चढावयास हवा. काही अंशी तो चढलाही. परंतु नेमक्या याच काळात त्यांच्या मतभेदांना नवा विषय मिळाला, आणि तो विषय श्रद्धेनेच पुरविला.

छप्पनच्या दुष्काळाने नगर जिल्ह्यात अनाथ मुलांची संख्या एकाएकी वाढली होती. टिळकांच्या दृष्टीने दारी आलेले अनाथ मूल आणि ख्रिस्त यांत अंतर नव्हते. त्यामुळे ते मुले घरी आणीत, पाहुण्यांना राहवून घेत, हातातले पैसे वाटून टाकीत, आणि हे सर्व करताना घरात काय शिल्लक आहे याची चौकशी त्यांना आवश्यक वाटत नसे. त्यांची श्रद्धा देण्याच्या रूपाने प्रकट होई. ज्याच्या घरी असा देणारा असतो, त्याच्या घरी राखणारा कोणी तरी असावाच लागतो, आणि ते काम लक्ष्मीबाईंकडे आले. आलेल्या मुलाला न्हाऊ घालणे, त्याच्या अंगावर कपडा घालणे, दुसऱ्या दिवशी त्याला काय खावयास घालावयाचे याची चिंता करणे, हे त्यांचे वाटे. टिळक ज्याला विश्वास म्हणत त्याचा खर्च घरात कोणाच्या अंगावर पडतो, याची नोंद लक्ष्मीबाईंनी हसत हसत, पण अचूक केलेली आहे.

लेखाच्या आरंभी उपस्थित केलेला प्रश्न येथे भेटतो. घरातील पैशाबाबत या पतीपत्नींचे जुळत होते काय? नाही. धार्मिक गोष्टींबाबत जुळत होते काय? होय. परंतु पैशाचे भांडण हेच धर्माचे भांडण होते. पतीने पत्नीला न विचारता केलेले दान हे पुण्य की संसाराशी प्रतारणा? पत्नीने मुलाबाळांसाठी चार पैसे बाजूला ठेवले, तर तो अविश्वास की कर्तव्य? दोघेही एकाच प्रभूला मानत होती, म्हणूनच या प्रश्नाला धार आली. पत्नी हिंदू असती तर तिला म्हणता आले असते की हा तुमचा धर्म, माझा नव्हे. आता तो मार्ग बंद झाला होता. समान श्रद्धा मतभेद कमी करते असे मानले जाते, पण टिळकांच्या घरात तिने मतभेदांना अधिक खोल नेले.

मग समाधान कोठे होते? ‘स्मृतिचित्रां’च्या साक्षीवरून असे दिसते की, ते या देण्याराखण्याच्या कामात कालांतराने झालेल्या वाटणीत होते. टिळकांनी आणलेल्या पोरक्या मुलांपैकी जी राहिली ती लक्ष्मीबाईंची झाली. सुरुवातीला अंगावर पडलेले काम पुढे त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेचे रूप बनले. सोवळ्याच्या घरात वाढलेली स्त्री कोणत्या जातीचे हे न विचारता मूल मांडीवर घेते, यात तिला जे मिळाले त्याला केवळ पतीची आज्ञा पाळल्याचे सुख म्हणता येत नाही. जातीचा विचार सोडण्याचा जो निर्णय तिने एकटीने घेतला होता, त्याची ही रोजची पडताळणी होती. दुसऱ्या बाजूने टिळकांनाही, आपण जे देतो ते कोणी तरी राखते म्हणूनच देता येते, हे उमगले असावे. त्यांच्या स्वभावात त्यामुळे फारसा फरक पडला नाही. भांडणे अखेरपर्यंत होत राहिली, मात्र तुटेपर्यंत एकही गेले नाही.

अलीकडील काही अभ्यासकांनी, विशेषतः ॲनेट महोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ पासून, ‘विवाहाला पावित्र्य देणे’ या कल्पनेवर भर दिलेला आहे. उपासनेची वारंवारता मोजण्यापेक्षा, दांपत्य आपल्या विवाहातच काही पवित्र पाहते काय हे विचारावे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. जुन्या मापनांहून ही दृष्टी टिळक दांपत्याला अधिक न्याय देणारी आहे. तथापि तिच्यातही एक उणीव राहते. विवाहाला पवित्र मानणारी व्यक्ती त्या पावित्र्याखातर अन्यायही सोसत राहू शकते, आणि तिचे उत्तर ‘समाधानी’ असेच येईल. भारतातील ख्रिस्ती स्त्रियांच्या बाबतीत ही केवळ तात्त्विक शंका नव्हती. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार पतीला पत्नीच्या व्यभिचाराच्या एकाच कारणावरून घटस्फोट मागता येत असे. पत्नीला मात्र पतीचा व्यभिचार सिद्ध करून भागत नसे, त्याला क्रौर्य किंवा परित्याग यांसारख्या दुसऱ्या कारणाची जोड द्यावी लागे. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये या विषमतेवर बोट ठेवले, आणि २००१ च्या दुरुस्तीने ती दूर झाली. तोवर, म्हणजे एकशे बत्तीस वर्षे, ख्रिस्ती पत्नीने दिलेले समाधानाचे उत्तर कितपत निवडीचे आणि कितपत निरुपायाचे होते, हे कोणत्याही प्रश्नावलीतून निश्चित करता आले नसते. लक्ष्मीबाईंना निवड करता आली ती कायद्यामुळे नव्हे. पतीने पाच वर्षे वाट पाहिली, म्हणून ती त्यांच्या हाती राहिली.

६

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या सेवेचा राजीनामा दिला, ख्रिस्ती संन्यासाचा स्वीकार केला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या कल्पनेला मूर्त रूप देण्याचा प्रयत्न आरंभिला. श्रद्धेने या संसाराची ही दुसरी परीक्षा घेतली. पहिल्या वेळी पती दुसऱ्या धर्मात गेला होता. आता तो त्याच धर्मात राहून संन्यासी होऊ पाहत होता, आणि संन्याशाच्या पत्नीचे स्थान काय, हा प्रश्न ख्रिस्ती परंपरेला तसाच अवघड होता जसा हिंदू परंपरेला. परंतु १८९५ आणि १९१७ यांत एक भेद होता. या वेळी पत्नी निराधार नव्हती, तिची स्वतःची श्रद्धा आणि तिचे स्वतःचे मत होते. पतीच्या कल्पनेविषयी आदर आणि तिच्या व्यवहार्यतेविषयी शंका या दोन्ही गोष्टी ती एकाच वेळी मनात बाळगू शकत होती. हा प्रयोग दोन वर्षेही धड चालला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले.

त्यांच्यामागे एक अपुरे काम राहिले होते. ख्रिस्ताचे चरित्र मराठी काव्यात आणण्याचा संकल्प करून टिळकांनी १९०९ मध्ये ‘ख्रिस्तायना’स आरंभ केला होता. त्याचे दहाएक अध्याय लिहून झाले होते. पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आणि पतीच्या धरसोडीच्या शिकवणीतून अक्षरओळख झालेल्या स्त्रीने हे काम हाती घ्यावे, याचे त्या काळी अनेकांना आश्चर्य वाटले असल्यास नवल नाही. देण्याराखण्याची जी वाटणी संसारात झाली होती तीच येथेही दिसते : आरंभ टिळकांचा, निर्वाह लक्ष्मीबाईंचा. फरक इतकाच की या वेळी राखण्याचे काम हेच निर्मितीचे काम झाले, आणि ग्रंथाचा फार मोठा भाग तिच्या नावावर लागला.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. ‘स्मृतिचित्रां’चा अखेरचा भाग त्यांच्या हातून अपुरा राहिला, तो मुलगा देवदत्त, म्हणजे पूर्वीचा दत्तू, याने पुरा केला. ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये छापून निघाले, आणि त्याच्या दोन कवींपैकी एकालाही ते पाहावयास मिळाले नाही.